रूळ गेले, वाट राहिली

आगगाडी ज्या गांवाला येते त्या गांवाला ती दोन गोष्टी देते. एक म्हणजे साऱ्या जगाशीं नातें. आणि दुसरी म्हणजे गांवाच्या अंगावर ओढलेली एक रेघ. पहिली गोष्ट सर्वांच्या डोळ्यांत भरते; दुसरीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. रुळांच्या अलीकडची वस्ती व पलीकडची वस्ती असा भेद हळूहळू पडत जातो. बाजार एका अंगाला राहतो, शाळा दुसऱ्या अंगाला. जमिनीचे भाव एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरे. पुढें काळ पालटतो, कारखाने बंद पडतात, मालगाड्या येईनाशा होतात, रुळांमध्यें गवत माजतें. परंतु ती रेघ मात्र पुसली जात नाहीं. अशा टाकून दिलेल्या लोहमार्गाचें काय करावें, हा प्रश्न गेल्या साठ वर्षांत जगांतील अनेक शहरांपुढें आला, आणि कांहींनीं त्याचें मोठें मनोवेधक उत्तर शोधून काढलें. मार्ग मोडूं नये, त्याचे तुकडे करून विकूं नयेत. त्याच्या कडेनें झाडें लावावीं व तो पायीं चालणाऱ्यांच्या स्वाधीन करावा, असें तें उत्तर होय.

हें उत्तर ऐकावयास जितकें गोड आहे तितकेंच आचरावयास अवघड आहे. कारण वाट तयार झाली कीं तिच्या कडेची जमीन महाग होते, आणि जे लोक इतकीं वर्षें रुळांची धूळ खात तेथें राहिले त्यांच्यावरच घर सोडण्याची पाळी येते. लोकोपयोगी काम कशास म्हणावें आणि त्या कामांतील ‘लोक’ म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न येथें उभा राहतो. म्हणून या लेखांत आम्हीं अमेरिकेंतील अटलांटा शहराची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. या एका शहरांत अशा कामाचे लाभहि स्पष्ट दिसतात आणि त्याची किंमतहि स्पष्ट दिसते.

प्रथम, लोहमार्गच पायवाटेस इतका सोईचा कां, हें पाहिलें पाहिजे. लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर मोठा चढ चढवत नाहीं. म्हणून मार्ग आंखतांना इंजिनिअर टेंकाड कापतात, खोलगट जागीं भराव घालतात, ओढ्यांवर पूल बांधतात. घाटांतील मार्ग सोडले तर एरवीं शंभर फुटांस एक-दोन फुटांहून अधिक चढ सहसा आढळत नाहीं. जी जागा आगगाडीला सोपी, ती वृद्धांच्या गुडघ्यांनाहि सोपी. तान्ह्या मुलाची गाडी ढकलणाऱ्या आईला आणि चाकांच्या खुर्चींतून फिरणाऱ्या अपंगालाहि सोपी. शिवाय मार्ग अखंड असतो. वाटेंत मोठा रस्ता आला तर तो बहुधा पुलावरून किंवा पुलाखालून ओलांडलेला असतो. म्हणजे मोटारींच्या लोंढ्यांत पाऊल टाकण्याची पाळी क्वचितच येते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, भरवस्तींतून जाणारी अशी मैलोगणती लांब, सलग पट्टी आज नव्यानें मिळवावयाची म्हटली तर कोणत्याहि नगरपालिकेला तें परवडणार नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांनीं जमवून ठेवलेली ती एक सामाईक ठेवच असते. एकदां वांटण्या झाल्या म्हणजे ती पुन्हां जुळत नाहीं.

अमेरिकेंत हा विचार प्रथम एका वनस्पतिशास्त्रज्ञ बाईनें नेटानें मांडला. १९१६ च्या सुमारास त्या देशांत सुमारें अडीच लक्ष मैल लोहमार्ग होता. पुढें मोटारी व मालमोटारी आल्या आणि एकेक मार्ग बंद पडूं लागला. शिकागोच्या पश्चिमेस जाणारी एक विजेची रेल्वे १९५७ सालीं प्रवाशांस बंद झाली. शिकागोजवळच्या मॉर्टन वृक्षोद्यानांत काम केलेल्या मे थीलगार्ड वॉट्स यांनीं १९६३ सालीं ‘शिकागो ट्रिब्यून’ पत्रांत एक पत्र लिहून, या ओसाड मार्गाची पायवाट करावी, असें सुचविलें. त्या एका पत्रांतून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ जन्मास आली. विस्कॉन्सिन संस्थानानें एलरॉय व स्पार्टा या गांवांमधील सुमारें बत्तीस मैलांचा सोडलेला मार्ग घेऊन, त्यांतील तीन बोगद्यांसह, तो लोकांस खुला केला, तोहि याच दशकांत.

पुढें कायद्याची अडचण उभी राहिली. रेल्वे-कंपन्यांची पुष्कळशी जमीन मालकीची नव्हती. गाडी चालविण्यापुरता हक्क होता. गाडी बंद झाली म्हणजे तो हक्क संपून जमीन शेजारच्या मालकांकडे परत जाई व मार्गाचे तुकडे पडत. यावर १९८३ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें एक युक्ति काढली. मार्ग ‘सोडला’ असें न समजतां तो पुढील काळासाठीं राखून ठेवला आहे असें मानावें, आणि पुन्हां गाडीची गरज पडेपर्यंत त्यावर लोकांनीं चालावें, अशी ती तरतूद होय. शेजारच्या जमीनदारांनीं तिच्याविरुद्ध दाद मागितली. परंतु १९९० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती तरतूद घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला.

युरोपांत पॅरिस शहरानें याच दिशेनें पाऊल टाकलें. बास्तीयपासून व्हँसेनकडे जाणारी १८५९ सालची रेल्वे १९६९ त बंद पडली होती. तिच्या उंच कमानींवर बाग फुलवून १९९३ सालीं ती फिरावयास मोकळी करण्यांत आली. ही बाग पॅरिसची. परंतु तिचें बीं जें उडालें तें एका विद्यार्थ्याच्या मनांतून थेट अटलांटास जाऊन पडलें.

अटलांटा हें रेल्वेचें अपत्य आहे. नदी नाहीं, बंदर नाहीं. १८३७ सालीं एका रेल्वेचा शेवटचा खुंटा रोंवला गेला म्हणून तेथें वस्ती झाली, आणि आरंभीं तिचें नांवहि ‘टर्मिनस’, म्हणजे शेवटचें स्थानक, असेंच होतें. १८६४ सालीं यादवी युद्धांत सेनापति शर्मन यांच्या फौजेनें शहर जाळलें व रूळ उखडले. युद्धानंतर शहर पुन्हां उभें राहिलें. मध्यावरच्या स्थानकांत गर्दी मावेना. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं निरनिराळ्या कंपन्यांनीं शहराला बाहेरून वळसा घालणारे चार मार्ग बांधले. त्यांच्या कडेनें गिरण्या, कोठारें व कारखाने उठले, आणि शहर वाढतां वाढतां त्यांच्याहि पलीकडे पसरलें.

याच मार्गांनीं वस्त्यांच्या सीमा ठरविल्या. गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वस्त्या तेथें कायद्यानें व रूढीनें वेगळ्या ठेवल्या जात असत; लोहमार्ग ही त्यांची आयती भिंत झाली. भेद इतका खोल कीं, एकच रस्ता पॉन्स-डि-लिऑन हमरस्त्याच्या दक्षिणेस, जेथें काळे लोक राहत, ‘बुलव्हार्ड’ म्हणून ओळखला जाई, आणि उत्तरेस, गोऱ्यांच्या वस्तींत शिरतांच, ‘मन्रो ड्राइव्ह’ होई. हीं दोन नांवें अजूनहि आहेत. ज्या समाजांत वेशीच्या आंतलें व वेशीबाहेरचें असा विचार पिढ्यान् पिढ्या झाला, त्या आपल्या समाजास या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर माल मालमोटारींतून जाऊं लागला. वळशाच्या मार्गांवरचे कारखाने ओस पडले आणि रुळांवर कुडझू नांवाची वेल पसरली. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षें शहरानें या पट्टीकडे पाठच फिरविली होती.

१९९९ सालीं जॉर्जिया टेक या विद्यापीठांत वास्तुशास्त्र व नगररचना शिकणाऱ्या रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्यानें आपला पदवी-प्रबंध लिहिला. हा तरुण विद्यार्थिदशेंत एक वर्ष पॅरिसला राहून आला होता. तेथें पायीं आणि आगगाडीनें हिंडतांना शहर कसें हातीं लागतें, याचा त्यानें अनुभव घेतला होता. त्याची कल्पना साधी होती. हे चारहि मार्ग जोडले तर शहराभोंवतीं सुमारें बावीस मैलांचें एक कडें होतें, आणि तें पंचेचाळीस वस्त्यांना स्पर्श करतें. या कड्यावरून हलकी विजेची गाडी चालवावी, कडेनें पायवाट ठेवावी, आणि ओसाड जमिनींवर नवीं घरें उठूं द्यावीं.

असे प्रबंध दरवर्षीं शेंकडों लिहिले जातात व कपाटांत जातात. हाहि गेला असता. परंतु २००१ मध्यें ग्रॅव्हेल व त्याचे दोन सहकारी यांनीं त्याचा गोषवारा शहरांतील अधिकाऱ्यांस टपालानें धाडला. नगरसभेंतील कॅथी वूलार्ड यांनीं तो मनावर घेतला. मग सभा सुरू झाल्या. चर्चच्या तळघरांत, शाळांच्या दिवाणखान्यांत, वस्त्यांच्या मंडळांत नकाशे पसरून हे लोक बसूं लागले. शर्ली फ्रँकलिन या त्या वेळच्या महापौर. त्यांनींहि पुढें हें काम आपलेंसें केलें. २००४ सालीं अलेक्झांडर गार्व्हिन या नगररचनाकारानें या कड्यावर बागांची माळ ओंवण्याची योजना मांडली. गाडीच्या कल्पनेला पायवाट, पायवाटेला उद्यान आणि उद्यानाला घरें अशी जोड मिळत गेली. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या योजनेस लोकांचा पाठिंबा आधीं मिळाला आणि पैसा मागाहून.

पैसा कसा उभारला, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. कारण पुढच्या साऱ्या वादाचें मूळ तेथेंच आहे. समजा, एका कुटुंबाच्या शेतांत विहीर नाहीं. कर्ज काढून विहीर खणली, पाणी लागलें, पीक दुप्पट झालें. पहिल्याइतकें पीक घरखर्चास ठेवावयाचें आणि वाढलेल्या पिकांतून कर्ज फेडावयाचें, असा त्या कुटुंबानें ठराव केला. अटलांटानें २००५ सालीं हेंच केलें. कड्याच्या आसपासच्या विवक्षित भागांतील मालमत्तेचें त्या वर्षीं जें मोल होतें, त्यावरचा कर पूर्वींप्रमाणें नगर, परगणा व शाळा यांस मिळावा. पंचवीस वर्षांत मोल जितकें वाढेल तितक्यावरचा कर मात्र या कामासाठीं राखून ठेवावा, असें ठरलें. २००८ च्या आरंभीं तेथील न्यायालयानें शाळांचा कर अशा कामाकडे वळवितां येणार नाहीं असा निकाल दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मतदारांनीं राज्यघटनेंत दुरुस्ती करून तो मार्ग पुन्हां मोकळा केला. परंतु तेवढ्यांत जागतिक मंदी आली, जमिनीचे भाव कोसळले, आणि विहिरीला अपेक्षेइतकें पाणी लागेना.

दुसरीकडे, योजनेचा गवगवा होतांच व्यापारी हिशेबहि सुरू झाले होते. ईशान्येकडचा साडेचार मैलांच्या सुमाराचा एक टप्पा २००४ सालीं एका जमीन-व्यापाऱ्यानें रेल्वे-कंपनीकडून सुमारें अडीच कोटि डॉलरांस घेतला. तोच टप्पा २००७ सालीं सार्वजनिक कामासाठीं सुमारें सहा कोटि साठ लक्ष डॉलरांस परत घ्यावा लागला. लोकांनीं स्वप्न पाहिलें आणि त्याचें भाडेंहि लोकांनींच भरलें!

तरीहि काम उभें राहिलें. २००८ सालीं नैर्ऋत्येकडे वेस्ट एंड भागांत पायवाटेचा पहिला तुकडा झाला. ऑक्टोबर २०१२ मध्यें पूर्वेकडचा सव्वादोन मैलांचा टप्पा खुला झाला, आणि मग शहराचे डोळे उघडले. चौदा फूट रुंदीचा काँक्रीटचा रस्ता, दोहों बाजूंस देशी गवतें व नवीं झाडें, आणि त्यावर माणसेंच माणसें. ज्या शहरांत दुधाच्या बाटलीसाठींहि मोटार काढावी लागे, तेथें लोक पायीं बाजारास जाऊं लागले, सायकलीनें कामावर जाऊं लागले. या वाटेवर आजोबांची काठी, नातवाची तीनचाकी आणि नोकरदार बाईची सायकल एकाच वेळीं एकाच दिशेनें चालूं शकतात. आपल्याकडे नदीचा घाट, देवळाचा पार किंवा पुण्याच्या पर्वतीच्या पायऱ्या जें काम करीत आल्या, तें काम तेथें या वाटेनें केलें. कांहीं विकत न घेतां, कोणाची परवानगी न मागतां चारचौघांत वावरतां येईल अशी जागा शहराला मिळाली.

लाभ केवळ फेरफटक्याचा नाहीं. पूर्वेकडच्या टप्प्यालगत ‘ओल्ड फोर्थ वॉर्ड’ नांवाची जुनी वस्ती आहे. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचें जन्मघर याच परिसरांतलें. तेथील सखल भागांत मोठ्या पावसांत पाणी तुंबे व घरांत शिरे. पाणी वाहून नेण्यासाठीं जमिनीखालून मोठा नळ टाकण्याचा विचार चालला होता. त्याऐवजीं सुमारें सतरा एकरांची बाग करून तिच्या मध्यें तळें खणावें व पावसाचें पाणी त्यांत सांठवावें, असें रहिवाशांच्या आग्रहानें ठरलें. २०११ सालीं ही बाग खुली झाली. पुराची भीति कमी झाली, खर्चहि नळापेक्षां कमी आला, आणि मुलांना खेळावयास जागा मिळाली. एका दगडांत तीन पक्षी म्हणावयाचे ते असे.

जवळच सिअर्स कंपनीची १९२६ सालची सुमारें वीस लक्ष चौरस फुटांची अवाढव्य विटांची इमारत होती. ती कांहीं काळ नगरपालिकेची कचेरी होती व नंतर बहुतेक रिकामी पडली होती. २०१४ सालीं तिच्यांत दुकानें, कचेऱ्या व बिऱ्हाडें सुरू झालीं. पश्चिमेकडचा तीन मैलांचा टप्पा २०१७ सालीं झाला. तो वॉशिंग्टन पार्कजवळून जातो. काळ्या नागरिकांसाठीं शहरानें राखलेली पहिली सार्वजनिक बाग ती हीच. ती १९१९ सालची. जुन्या दगडखाणीच्या जागीं केलेलें पश्चिमेकडचें मोठें उद्यान २०२१ सालीं खुलें झालें. त्या खाणींत शहराच्या पिण्याच्या पाण्याचा राखीव सांठा आहे. आणि २०१० पासून या मार्गावर कंदिलांची एक मिरवणूक निघूं लागली. लोक घरीं कागदाचे कंदील करून आणतात आणि संध्याकाळीं त्या उजेडांत चालतात. पहिल्या वर्षीं तर तेथें पक्की वाटहि नव्हती. पूर्वीं ज्या रुळांनीं दोन वस्त्यांत अंतर पाडलें, त्याच जागेवरून दोन्ही वस्त्यांतले लोक एकत्र चालले.

आतां दुसरी बाजू. विहिरीचा आमचा दृष्टांत येथें अपुरा पडतो. विहिरीनें वाढलें तें पीक. येथें वाढलें तें जमिनीचें मोल. पीक वाढलें तर घरांतलीं सारींच माणसें पोटभर जेवतात. जमिनीचें मोल वाढलें तर मालकाचें भलें होतें आणि भाडेकरूच्या पोटांत गोळा उठतो. म्हणजे ज्या वाढीवर योजना जगणार, तीच वाढ गरिबाला उठविणार. योजना जितकी यशस्वी, तितका धोका मोठा. डॅन इमरग्लक या अभ्यासकानें एका सहकाऱ्यासह २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दाखविलें कीं, २०११ ते २०१५ या काळांत या मार्गापासून अर्ध्या मैलाच्या आंतील घरांचे भाव इतरत्रच्या मानानें, निरनिराळ्या टप्प्यांवर, १७.९ ते २६.६ टक्क्यांनीं अधिक चढले.

भाडेकरूची गोष्ट तर उघडच आहे. जॉर्जिया राज्यांत घरभाड्यावर मर्यादा घालण्यास नगरांना कायद्यानें मनाई आहे. पण स्वतःच्या घरांत राहणाऱ्या वृद्धेचेंहि पाहा. घर तिचें, कर्ज फिटलेलें, मुलें-नातवंडें त्याच अंगणांत वाढलेलीं. तिनें घराला एक खिळाहि मारलेला नाहीं. पण शेजारीं वाट झाली म्हणून घराचें मोल दुप्पट ठरतें आणि कराची चिठी येते. कागदावर ती श्रीमंत झालेली असते. हातांत मात्र निवृत्तिवेतनाखेरीज कांहीं नाहीं. घर विकल्याशिवाय ती श्रीमंती तिच्या हातीं लागत नाहीं, आणि घर विकलें कीं शेजार, चर्च, ओळखीचा वाणी, सारें सुटतें. तीन पिढ्या एका छपराखालीं राहण्याची रीत ज्यांच्या घरीं आहे, अशा आमच्या वाचकांस या नुकसानीचें मोजमाप वेगळें सांगावयास नको.

या धोक्याची कल्पना आरंभीं कोणाला नव्हती असें मात्र नव्हे. २००५ च्या ठरावांतच कर्जरोख्यांच्या रकमेपैकीं पंधरा टक्के परवडणाऱ्या घरांसाठीं राखले होते, आणि ५,६०० घरांचें उद्दिष्ट ठरविलें होतें. परंतु पायवाट पुढें धांवली आणि घरें मागें राहिलीं. अखेर सप्टेंबर २०१६ मध्यें ज्यानें ही कल्पना मांडली तोच रायन ग्रॅव्हेल, आणि त्याच्यासमवेत नॅथॅनियल स्मिथ, हे दोघे योजनेस साह्य करणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी मंडळांतून बाहेर पडले. गरीब रहिवाशांच्या हिताकडे पुरेसें लक्ष दिलें जात नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. आपणच लावलेल्या झाडाची सांवली आपल्याच शेजाऱ्यांना मिळत नाहीं असें दिसल्यावर माळ्यानें कुंपणाबाहेर येऊन ओरडावें, असा हा प्रसंग होता.

ओरडण्याचा उपयोग झाला. २०१८ पासून या मार्गाच्या परिसरांत भाड्याच्या नव्या मोठ्या इमारतींत दहा किंवा पंधरा टक्के बिऱ्हाडें मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस परवडतील अशा भाड्यानें ठेवण्याचें बंधन आलें. दक्षिण व पश्चिम भागांतील जुन्या, कमी उत्पन्नाच्या घरमालकांच्या कराची वाढ एका निधींतून भरून काढण्याची व्यवस्था झाली. तिची मुदत २०३० पर्यंत आहे. भाव चढण्यापूर्वींच जमिनी घेऊन ठेवण्याकडेहि संस्थेनें लक्ष दिलें. २०२१ सालीं मार्गालगतच्या व्यापारी मालमत्तांवर व मोठ्या भाडे-इमारतींवर वेगळी पट्टी बसवून पायवाट पुरी करण्याची तजवीज झाली. म्हणजे ज्यांना लाभ अधिक त्यांनीं भार अधिक उचलावा, हें तत्त्व उशिरां कां होईना मान्य झालें. तथापि जीं कुटुंबें पहिल्या दहा वर्षांत उठून गेलीं, त्यांना परत आणणारा उपाय कोणाजवळ नाहीं. आणि मूळ प्रबंधांतली विजेची गाडी, जी मोटार नसलेल्या मजुराला कड्यावरून कामावर पोंचविणार होती, ती या कड्यावर अद्याप धांवलेली नाहीं. वायव्येकडे तर मालगाडीचा मार्ग अजून चालू असल्यामुळें पायवाटेला निराळी दिशा शोधावी लागली.

हें दुखणें एकट्या अटलांटाचें नव्हे. न्यूयॉर्क शहरांतील ‘हाय लाइन’ हा उंच खांबांवरचा मार्ग १९३४ सालचा. १९८० त त्यावरची गाडी थांबली आणि २००९ सालीं त्यावर बाग झाली. ती जगप्रसिद्ध झाली, कडेनें श्रीमंतांचे मनोरे उठले. पण अगदीं लगतच्या सरकारी चाळींतल्या गरीब कुटुंबांना ती आपली वाटेना. बागेच्या दोन संस्थापकांपैकीं रॉबर्ट हॅमंड यांनीं २०१७ सालीं हें उघडपणें मान्य केलें.

याउलट सिंगापूरचें उदाहरण पाहावें. तेथील मलाया रेल्वेची शेवटची गाडी ३० जून २०११ रोजीं सुटली, आणि दुसऱ्या दिवसापासून दक्षिणेच्या तांजोंग पगारपासून उत्तरेच्या वुडलँड्सपर्यंतचा सुमारें चोवीस किलोमीटरांचा पट्टा सिंगापूर सरकारच्या हातीं आला. तेथील निसर्गप्रेमी संस्थेनें २०१० सालींच हा हिरवा पट्टा अखंड राखण्याची योजना मांडली होती, ती सरकारनें ऐकली. जुने लोखंडी पूल व बुकित तिमा येथील लहानसें स्थानक जपण्यांत आलें. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, सिंगापुरांत बहुतेक कुटुंबें सरकारनें बांधलेल्या घरांत राहतात. वाट येण्यापूर्वीं निवाऱ्याची व्यवस्था झालेली होती. म्हणून वाटेनें माणसें उठविलीं नाहींत.

या साऱ्यांतून आम्हांस एक क्रम सुचतो. आधीं रुळांच्या कडेला आज कोण राहतें याची नोंद, मग त्यांच्या निवाऱ्याची शाश्वति, मग जमीन, आणि सर्वांत शेवटीं झाडें व फरसबंदी. अटलांटानें शेवटच्या गोष्टीपासून आरंभ केला, कारण ती डोळ्यांना दिसते व तिचें उद्घाटन करतां येतें. कराची सूट आणि भाड्याचें बंधन यांचें उद्घाटन होत नाहीं; पण वाट खरोखर सार्वजनिक राहते ती त्यांच्यामुळेंच. मुंबईंत लोहमार्गांच्या अगदीं कडेला वसलेल्या हजारों कुटुंबांचें पुनर्वसन विसाव्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभीं गाड्यांच्या विस्तारासाठीं करावें लागलें. रुळांजवळची जागा रिकामी नसते, हें आपणांस अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाहीं. अशा जागेवर उद्यां कोणी बाग आंखली, तर आपल्यापैकीं सुशिक्षितांनीं नकाशांतल्या हिरव्या रंगावर भाळून न जातां, त्या रंगाखालीं कोणाचीं घरें झांकलीं जात आहेत, एवढें विचारावें. सभेंत हा प्रश्न विचारणारा एक माणूस असला तरी पुष्कळदां पुरतो.

म्हणून अशा वाटा होऊंच नयेत, असें मात्र आमचें म्हणणें मुळींच नाहीं. अटलांटांतील त्या बावीस मैलांच्या कड्यावर आज जीं मुलें सायकल शिकत आहेत, त्यांना आपण ज्या जागेवरून जातों ती एके काळीं काळ्या-गोऱ्यांमधली भिंत होती, हें कोणी सांगितल्याशिवाय कळणारहि नाहीं. एवढें साधणें ही लहान गोष्ट नव्हे. वाट पुरी करण्यासाठीं शहरानें २०३० सालाची मुदत घातली आहे, आणि योगायोगानें जुन्या घरमालकांच्या कराचें ओझें उचलणाऱ्या व्यवस्थेची मुदतहि तीच आहे. कडें पुरें होईल त्या वर्षीं त्या जुन्या घरांत तींच माणसें राहत असलीं, तर शहरानें आपलें काम केलें असें आम्ही म्हणूं.